बाजाराच्या दिवशीचा लाल दिवा

मशीनला वार कळत नाही, असं मी सोसायटीच्या अध्यक्षांना ठणकावून सांगितलं आणि त्या एका वाक्यावरून पंपावरच्या आबांची नोकरी जायची वेळ आली. वाक्य खरं होतं. आजही कुणी विचारलं तर मी तेच सांगेन. पण आपलं खरं बोलणं दुसरा कुठे नेऊन वापरेल याचा काही नेम नसतो. माझं वाक्य अध्यक्षांनी उचललं आणि थेट आबांच्या डोक्यात घातलं, याचा मला फार राग आला होता.

मी धुळ्याला डिप्लोमा करून जळगावला आमच्या दुकानात बसायला लागले, तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. दुकान वडिलांचं, म्हणजे नानांचं, मोटारी भरायचं. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढायची, नवी भरायची, वार्निश पाजायचं आणि वाळवायची. वडिलांनी पहिल्याच आठवड्यात वाटणी करून टाकली, मोटार माझी आणि पेटी तुझी. पेटी म्हणजे स्टार्टर, पॅनल, जे काही मोटारीला चालू-बंद करतं ते सगळं. गिऱ्हाईक यायचं, मला बघायचं आणि विचारायचं, "नाना कोठे शेतस?" नाना जेवायला गेलेत, काय बिघडलंय ते मला सांगा, असं म्हटलं की गिऱ्हाईक बाकावर बसून नानांची वाट बघायचं. मग मी त्याच्या मांडीवरचा स्टार्टर ओढून घ्यायची आणि त्याच्यादेखत उघडायची. माझा तापट स्वभाव मी घरूनच आणलेला, पण दुकानात तो फार कामी आला.

त्या काळात सॉफ्ट स्टार्टर नवीनच निघाले होते. साधा स्टार्टर मोटारीला एकदम सगळा जोर देतो आणि मोटार धक्क्यानेच उठते. सॉफ्ट स्टार्टर जोर हळूहळू वाढवतो, बसलेल्या बैलाला चुचकारत उठवावं तसा. तापीकाठच्या एका गावात उपसा सिंचनाची सोसायटी होती. नदीवर पंपघर, त्याखाली नदीचं पाणी घेणारी विहीर, तिथून चढत गेलेला पाइप आणि वरती केळीच्या बागा. त्यांची मोटार मोठी. ती उठली की पाइप उसळायचा आणि जोड फुटायचे, मग जोड बसेपर्यंत बागा कोरड्या. सोसायटीचे अध्यक्ष, सगळे त्यांना भाऊ म्हणत, जळगावला आले तेव्हा मी त्यांना ही पेटी दाखवली. भाऊ मोठ्या आवाजाचे, पांढऱ्या कपड्यांचे, गावासाठी पळापळ करणारे गृहस्थ. त्यांना ती इतकी आवडली की घासाघीस करायचंही विसरले.

पेटीचा आणखी एक फायदा त्यांनी स्वतःच शोधून काढला. पंपघर तोवर शेतीच्या लाइनवर होतं आणि त्या लाइनला वीज ठरलेल्या तासांपुरतीच. गावठाणच्या लाइनला वीज जास्त वेळ असे, पण मोटार उठताना गावातले दिवे मिणमिणले असते, म्हणून पंपघराला तिथे जोडणी मिळत नव्हती. आता धक्काच राहिला नाही म्हटल्यावर भाऊंनी खेटे घालून पंपघर गावठाणच्या लाइनवर घेतलं. नारळ फुटला, पेढे वाटले. माझ्या हातात कुणी हार दिला तो मी पेटीलाच घातला, तिला गाव आता मशीन म्हणायला लागलं होतं.

पंपघर सांभाळायचे आबा. पन्नाशी उलटलेले, काटक, डोक्यावर टोपी, बोलणं अगदी कमी. पंपघर त्यांनी स्वयंपाकघरासारखं झाडून-पुसून ठेवलेलं असे. मशीन बसवताना मी त्यांना एवढंच शिकवलं की हिरवं बटण दाबायचं, हिरवा दिवा लागला की झालं. लाल दिवा लागला तर पुन्हा एकदा दाबायचं. पुन्हा लाल लागला तर हात लावायचा नाही, मला निरोप धाडायचा. त्यांनी मान डोलावली आणि माझं म्हणणं अक्षरशः पाळलं.

पहिला निरोप आला शुक्रवारी. काल दिवसभर लाल दिवा, मोटार उठलीच नाही. मी मोपेड काढली आणि उन्हातून तिथे पोचले तर मशीन सुरू, हिरवा दिवा लागलेला, पाइप भरून वाहतोय. आबा म्हणाले, सकाळी बटण दाबलं आणि चालू झालं. मी पेटी उघडून नीट बघितली. लाल दिव्याखाली जी खूण होती ती सांगत होती की तारांचा क्रम चुकला.

हा क्रम म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मोठ्या मोटारीला तीन तारांनी वीज येते आणि तिन्हींचा जोर एकदम येत नाही, एकामागून एक येतो. समजा तिघं जण गोल बसलेत आणि पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला, तिसरा परत पहिल्याला असं ताट देतोय. ताट एका दिशेने गोल फिरत राहतं. आता त्यातल्या दोघांनी जागा बदलल्या की तेच ताट उलटं फिरायला लागतं. मोटारीचंही तसंच. तीनपैकी दोन तारा एकमेकींच्या जागी गेल्या की मोटार उलटी फिरते. पिठाच्या गिरणीत त्याने फार तर दळण बिघडतं, पण आमच्या पंपाचा लांब दांडा तुकड्यातुकड्यांनी आट्यांवर जोडलेला होता. उलटा फिरला तर आटे सुटून अख्खा पंप विहिरीत गळून पडला असता. म्हणून हे मशीन मोटारीला हात लावण्याआधी तारांचा क्रम तपासतं आणि क्रम उलटा दिसला की लाल दिवा लावून बसून राहतं. फार शहाणं मशीन. मला ते पहिल्यापासून आवडायचं.

माझ्याजवळ क्रम बघायचं मुठीएवढं मीटर होतं. तीन चिमटे तीन तारांना लावायचे, काचेखालची चकती बाणाच्या दिशेने फिरली की क्रम बरोबर. मी लावलं. चकती बाणाच्या दिशेने गरगर फिरली. सगळे स्क्रू आवळले, सगळे जोड तपासले, काहीही सापडलं नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा निरोप, पुन्हा मी हजर, पुन्हा चकती बाणाच्या दिशेने. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तेच झालं. तोवर गावाच्या लक्षात आलं होतं की मशीन अडतं ते गुरुवारीच, आणि गुरुवार हा गावच्या बाजाराचा दिवस.

एवढं कळल्यावर पुढचं काय, ते गावाने आपापलं जोडून घेतलं. गुरुवारी आबांना बाजारात जायचं असतं म्हणून ते मशीन बंद पाडतात. मशीन बंद असल्यामुळे पहिल्या दोन गुरुवारी आबा खरोखरच बाजारात दिसले होते, त्यामुळे पुरावाही मिळाला. भाजीवाले त्यांना बघून विचारायचे, "काय आबा, आज मशीनले सुटी का?" बाकीचे हसायचे. पण गुरुवारची पाण्याची पाळी शेवटच्या चारीवरच्या, म्हणजे पाण्याच्या शेवटच्या फाट्यावरच्या, लोकांची होती आणि त्यांना हसू येत नव्हतं. ऐन उन्हाळा, केळीला घड लागलेले, आणि त्यांच्या पाळीला दर वेळी कोरडा पाइप. त्यांनी भाऊंना धरलं.

भाऊ जळगावला दुकानात आले ते हे सगळं घेऊनच. बसल्या बसल्या म्हणाले, "ताई, खरं सांगा. मशीनमध्ये खोट आहे का?"

"नाही," मी म्हटलं.

"ते लाल दिव्याचं तपासणं बंद नाही का करता येत?"

"येतं की. मग विहिरीत पडलेला पंप तुम्ही बुडी मारून काढा."

"तसं नाही. पण गुरुवारीच का अडतं? मशीनला वार कळतो का?"

"मशीनला वार कळत नाही!" मी म्हटलं, आणि तेही टेबलावर हात आपटून.

भाऊंचा चेहरा खुलला. "बस. मग माणसाला कळतो. मला एवढंच पाहिजे होतं." येत्या गुरुवारी दुपारी सोसायटीत बैठक होती. तिथे आबांकडून पंपघराची किल्ली काढून घ्यायची हे ठरलेलं होतं, त्यांच्या जागी कुणाला ठेवायचं हेही ठरलेलं होतं. म्हातारा लबाड आहे असं भाऊंनी गावभर, भर बाजारातही, सांगून टाकलं होतं. राहिला होता फक्त माझा शब्द, तोही मिळाला.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, गुरुवारी मी येते, त्याआधी काही करायचं नाही. भाऊ म्हणाले, "याच की. मशीन बरोबर आहे हे तुम्हीच बैठकीत सांगा." ते गेल्यावर मी वडिलांकडे जाऊन फणफणले. मशीन खोटं नाही हे मला माहीत, आणि तो माणूस खोटा आहे असं मला एकदाही वाटलं नव्हतं. पंपघराची फरशी इतकी स्वच्छ ठेवणारा माणूस बाजारासाठी पंप बंद पाडील, हे मला पटतच नव्हतं. वडील वार्निशच्या डब्यावरून मान वर न करता म्हणाले, "मग तिसरं काहीतरी असेल. जाऊन बघ."

गुरुवारी सकाळीच मी पंपघरात पोचले. आबा आत एकटेच, मशीनसमोर खाटेवर बसलेले. मशीनवर लाल दिवा. मला बघून ते उठलेसुद्धा नाहीत.

"ताई, तुम्ही बी माले खोटा पाडाले उनात का?"

मी म्हटलं, आबा, मी मशीन बघायला आलेय.

"मांगला गुरुवारे मी बजारले गऊच नही. आठेच बठेल व्हतू, दिवसभर. पन ते कोन देखस?" खरंच होतं ते. बाजारात आलेला माणूस सगळ्यांना दिसतो, न आलेल्याची कुणी मोजदाद ठेवत नाही. त्यांची बायको आदल्या रात्री जेवली नव्हती असं त्यांनी सांगितलं. मुलगी गावातच दिलेली, आता तिच्या सासरचेही विचारायला लागले होते. नोकरीबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. सबंध गावात आपण खोटे ठरलो, हेच त्यांच्या जिवाला लागलं होतं.

मी चिमटे लावले. चकती क्षणभर थरथरली आणि बाणाच्या उलट फिरायला लागली.

मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसले. आबांना वाटलं मी त्यांनाच हसतेय, ते ताडकन उठले. मी त्यांचा हात धरून त्यांना मीटरसमोर आणलं. "आबा, बघा. हा बाण इकडे आणि चकती तिकडे. लाइनच उलटी येतेय. मशीन खरं आहे आणि तुम्हीही खरे आहात." आबांनी चकतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि परत खाटेवर बसले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

पण माझं हसू लगेच ओसरलं. भाऊंना मी हे दाखवलं असतं तर त्यांनी काय म्हटलं असतं ते मला बसल्या जागी ऐकू येत होतं. आबांनीच बाहेरच्या खांबाजवळ दोन तारा बदलल्या नसतील कशावरून? पंपघर आबांच्याच ताब्यात, तिथला पुरावा कोण मानणार? लाइन उलटी आहे हे मला पंपघराच्या बाहेर, जिथे आबांचा हात पोचत नाही अशा ठिकाणी दाखवायला हवं होतं. आणि ती गुरुवारीच का उलटते हेही कळायला हवं होतं. ती परत कधी सुलटी होईल याचा पत्ता नव्हता, म्हणजे सगळं लवकर करणं आलं.

पंपघराची लाइन गावातूनच येत होती. मी आबांना म्हटलं, बसा मागे. ते "नही, नही" म्हणत राहिले, बाईच्या मागे मोपेडवर बसून भर बाजारातून जायचं म्हणजे काय. शेवटी मी आवाज चढवला तेव्हा बसले, एका हाताने सीट आणि दुसऱ्या हाताने टोपी धरून. बाजार ऐन भरात होता. वांग्यांचे ढीग, मिरचीचे ढीग, बांगडीवाले, भांडीवाले, आणि त्या गर्दीतून आमची मोपेड. आमच्याकडे बघून लोकांनी जे काही म्हटलं ते आबांनी ऐकलं असेल, मी ऐकलं नाही. मी खांब बघत चालले होते. बाजाराच्या टोकाला पिठाची गिरणी दिसली, आणि तिला तीन तारा गेलेल्या होत्या.

गिरणीत बायकांची रांग, पुढे डब्यांची रांग. गिरणी चालवणाऱ्या अक्का नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी पदर खोचला, भिंतीवरचं एक लाकडी मुठीचं हँडल वरून खाली खेचलं, मग स्टार्टर दाबला आणि जातं फिरायला लागलं. मी दारातच थांबले. तसलं हँडल मला नवीन नव्हतं. त्याने दोन तारांच्या जागा बदलतात.

"अक्का, ते हँडल कशाला खेचलं?"

"आज बजार शे ना, ताई," अक्का जात्यात ज्वारी ओतत म्हणाल्या. "बजारना दिवस हँडल खाले, बाकीना दिवस वर. नही तं जातं उलटं फिरस."

"गुरुवारीच का उलटं फिरतं?"

"सकायमा लाइनमन तिकडली लाइन जोडस, संध्याकाये परत आठली. मन्हा सासरा व्हता तैनपासून तसंच शे." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्या थांबल्या. "त्यामा काय इतलं? बठ्ठास्ले माहीत शे."

बठ्ठास्ले, म्हणजे सगळ्यांना. गिरणीतल्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. तेलघाण्यावर तसंच हँडल आहे, लाकूड कापायच्या मशीनवरही आहे, असंही त्यांनी सांगितलं. लाइनमन समोरच चहा पीत होता, त्याला हाक मारली. त्याने काही लपवलं नाही, उलट अभिमानाने सांगितलं. बाजाराच्या दिवशी इकडच्या लाइनवर भार येतो, वीज गेली तर दुकानदारांचे हाल होतात, म्हणून तो दिवसभर गावठाण दुसऱ्या बाजूच्या लाइनवर टाकतो. त्याच्याआधीचाही टाकायचा. त्या बाजूच्या तारांचा क्रम उलटा आहे हे त्यालाही माहीत होतं, आणि गावातल्या मोटारींना हँडलं आहेत हेही. पंपघर नवीनच या लाइनवर आलंय आणि तिथे हँडल नाही, एवढंच त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. भाऊंच्या आणि बाकीच्या शेतकऱ्यांच्या मोटारी सगळ्या शेतीच्या लाइनवर, त्यांची या हँडलशी गाठच पडलेली नव्हती. आबांचा पंपही कालपरवापर्यंत तिकडेच होता.

मी आबांना गिरणीच्या दारात उभं केलं आणि सोसायटीच्या कचेरीत गेले. भाऊ आणि चार-पाच सभासद पंख्याखाली बसले होते. मी म्हटलं, बैठक गिरणीत भरवायची.

"गिरणीत?" भाऊ म्हणाले. "पिठाच्या?"

"हो, पिठाच्या. आत्ता. संध्याकाळी दाखवता येणार नाही."

ते खुर्चीतून हलेनात. आधी बैठक, मग गिरणी, असं त्यांचं सुरू झालं. मग मी जो आवाज काढला तो बाजारात ऐकू गेला असावा, कारण आम्ही बाहेर पडलो तेव्हा दारात माणसं जमली होती. ती सगळी आमच्यामागून गिरणीपर्यंत आली.

अक्कांनी जातं थांबवलं. मी सगळ्यांसमोर चिमटे लावले, चकती उलटी फिरली. बाण कुठला आणि चकती कुठली ते भाऊंना बोट ठेवून दाखवलं. लाइनमनने आपलं म्हणणं सांगितलं. अक्कांनी हँडल वर करून जातं उलटं फिरवून दाखवलं, आणि खाली करून सुलटं. भाऊंनी पुढे होऊन हँडलला हात लावून बघितला.

"हाई कैनपासून चालू शे?" त्यांनी विचारलं.

रांगेच्या शेवटी डबा घेऊन उभ्या असलेल्या एका बाईने पदर सावरला आणि म्हणाली, "मी नवरी व्हईसन उनू तैनपासून तं देखस."

भाऊंनी वळून बघितलं. ती त्यांचीच बायको होती.

"मंग माले सांगं कसं नही?"

"तुम्ही कधी दळन आनं का आठे?"

सगळी गिरणी हसली, बाहेरची माणसंही हसली, आणि खरं सांगायचं तर भाऊही ओशाळं हसले. ते मनाने वाईट नव्हते. पण हसण्यावारी नेऊन त्यांनी आबांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "जाऊ द्या आबा, झालं गेलं. चला, मशीन सुरू करा." तिथे माझी तार सटकली.

"भाऊ, असं नाही," मी म्हटलं. "खोटा म्हणालात ते बाजारात म्हणालात. आता खरं आहे ते कानात नका सांगू."

भाऊंचा चेहरा उतरला. सभासद इकडेतिकडे बघायला लागले. मला वाटलं, आता हे चिडणार आणि आपलं मशीन परत पाठवणार, आणि पाठवलं तर पाठवू दे असंही वाटलं. पण भाऊ गिरणीच्या पायरीवर चढले. आवाज तर त्यांना देवाने दिलेलाच होता.

"आयका रे बठ्ठा! आबानी काही चूक नव्हती. लाइन उलटी व्हती. मी जे बोलनू ते चुकीनं बोलनू."

मिरचीवाला, जो आबांना मशीनले सुटी का म्हणून विचारायचा, तो ढिगामागे मिरच्या सारख्या करायला लागला. मी त्या म्हाताऱ्यासाठी इतकी भांडत होते हे मला तेव्हाच कळलं.

आबांनी मला विचारलं, "ताई, आते गुरुवारे माले काय करनं पडी?"

मी सांगितलं. मशीनच्या अलीकडे अक्कांच्यासारखंच एक हँडल मी बसवून देणार होते. लाइनमनने लाइन बदलली की लाल दिवा लागणार, तेव्हा मेन स्विच बंद करून हँडल खाली करायचं आणि मग हिरवं बटण. संध्याकाळी लाइन परत आली की हँडल वर. म्हणजे गुरुवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पंपावर माणूस पाहिजेच.

आबांनी ते डोक्यात नीट बसवून घेतलं. मग सदऱ्याच्या खिशातून घडी केलेली कापडी पिशवी काढली, झटकून उलगडली आणि भर बाजारात भाऊंच्या पुढे धरली.

"मंग माले गुरुवारे बजारले येता येवाव नही, भाऊ. मन्हा बजार तुम्ही करी लयज्यात."

कुणी हसलं नाही. भाऊंनी पिशवीकडे बघितलं, मग बायकोकडे. तिने डबा दुसऱ्या हातात घेतला आणि ती बघत राहिली. भाऊंनी पिशवी घेतली.

आम्ही पंपघरात आलो. मी मेन बंद केला, येणाऱ्या दोन तारा एकमेकींच्या जागी आवळल्या आणि मीटर लावलं. चकती बाणाच्या दिशेने फिरली. आबांनी बटण दाबलं, हिरवा दिवा लागला, आणि मोटार हलक्या आवाजाने उठली. शेवटच्या चारीवर पाणी पोचल्याचा निरोप घेऊन एक जण धावत आला, त्याला आबांनी माठातलं पाणी दिलं. संध्याकाळी लाइन परत आली की तारा पुन्हा बदलायच्या होत्या, म्हणून मी तिथेच थांबले. आबांनी मला चहा करून दिला आणि माझ्याशी पहिल्यांदाच घरच्या गोष्टी बोलले.

ऊन उतरल्यावर भाऊ आले, चालत. पांढऱ्या पायजम्याला धूळ लागलेली, हातात भरलेली पिशवी. त्यांनी ती खाटेवर ठेवली. आबांनी पिशवीत हात घातला, वांगी काढून एकेक दाबून बघितली, कांदे बघितले, मग एक मिरची मोडून तिचा वास घेतला.

"मिरच्या जून शेतस, भाऊ. पुढला गुरुवारे देखीसन लेज्यात."

"लेसू, आबा," भाऊ म्हणाले.